चार्ज घेतलेला नाही

३ जानेवारी २०२६, शनिवार

डॉक्टरांकडे जाऊन आलो. स्नेहलताच्या पोटातली गाठ काढायची हे नक्की, पण इतक्यात नाही. रक्त कमी आहे, वजन उतरलंय, अशा अंगाला भूल द्यायला ते तयार नाहीत. महिनाभर नीट खाऊ घाला, मग तारीख देतो म्हणाले. मी म्हटलं, खाऊ घाला म्हणजे काय, ती काय लहान आहे? तर म्हणाले, "काका, लहान असत्या तर सोपं गेलं असतं."

घरी येऊन विचारलं, काय खावंसं वाटतंय. काही नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा आवाज चढवला तेव्हा म्हणाली, "आपल्या लग्नातली नानकटाई असती तर एखादी खाल्ली असती."

एक्केचाळीस वर्षांपूर्वीची नानकटाई. बरं.

रिफायनरीत असताना रोज लॉगबुक लिहायचो. निवृत्त झाल्यावर लिहिण्यासारखं काही होतच नव्हतं. आता लिहितो. काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगता येईल.

आजचं खाणं: चहा, अर्धा खाकरा, भाताची दोन शितं.

५ जानेवारी, सोमवार

सकाळी पाणीगेटला गेलो. आमच्या लग्नाच्या वेळी तिथल्या एका गल्लीत बेकरीची भट्टी होती. दांडिया बाजारातल्या बायका लग्नकार्याला आपापला मैदा, तूप, साखर घेऊन तिथे जायच्या आणि समोर बसून भाजून घ्यायच्या. आमच्या सासूबाई तर स्टूल टाकून बसल्या होत्या म्हणे, आपलं तूप दुसऱ्याच्या पिठात जाऊ नये म्हणून. पत्र्याचे डबे भरून टांग्यातून घरी आणले होते.

आता तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. तिथल्या पोऱ्याला भट्टी विचारली तर तो माझ्याकडेच बघत राहिला. शेवटी येताना दुसऱ्या बेकरीतून पाव किलो घेतली. हिने एक मोडली, वास घेतला आणि बशीत ठेवून दिली. "डालडा," म्हणाली.

मग आता काय करायचं? म्हणाली, "योगिनीने पाठवलेला ओव्हन माळ्यावर पडलाय. तुम्ही करा."

मी चहाशिवाय आजवर गॅसवर काही ठेवलेलं नाही. तसं सांगितलं. त्यावर म्हणे, "जन्म गेला तुमचा भट्ट्या चालवण्यात. ही तर एवढीशी."

माळ्यावर चढायला शिडी लागेल.

७ जानेवारी, बुधवार

ओव्हन उतरवला, पुसला. ही स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली, शाल गुंडाळून. मी ओट्यापाशी. ती सांगणार, मी करणार.

तूप थिजलेलं घ्यायचं आणि पिठीसाखर घालून हाताने पांढरंशुभ्र होईपर्यंत फेसायचं. थंडीत तूप दगड झालेलं. मी म्हटलं जरा सोपं करू, म्हणून वाटी गॅसवर धरली. हिचं लक्ष नव्हतं. ओव्हनमध्ये सगळ्या नानकटाया पसरल्या आणि एकमेकींत मिसळून ट्रेभर एकच चादर झाली.

"तूप पातळ केलंत," ती काचेत बघूनच म्हणाली. आणि हसली. चांगली खोकला येईपर्यंत हसली. महिन्याभरात पहिल्यांदाच. त्या चादरीचा एक कोपरा मोडून खाल्लाही.

मधे मी काचेतून बघत उभा होतो तर म्हणते, "नुसतं बघून ती लवकर होणार आहे का? तोवर कुकर लावा. तांदूळ खालच्या कप्प्यात, डाळ त्याच्या मागे." लावला. तीन शिट्ट्या. सोपं असतं.

खाणं: नानकटाईचा कोपरा, वरणभात दोन घास.

८ जानेवारी, गुरुवार

आज तूप घट्ट घेतलं. आकार धरला. वेळ झाल्यावर एक दाबून बघितली तर मऊ. कच्ची राहिली म्हणून परत आत ढकलली. पुन्हा मऊ. पुन्हा ढकलली. गार झाल्यावर फरशीवर आपटली तरी फुटेना.

"गरम असताना मऊच असते."

"हे आधी सांगायचं."

"सांगितलं होतं. तुम्ही तापमानाचं बटण बघत होतात."

बटण बघणार नाही तर काय बघणार? हिचं माप काय, तर खालून बदामी होईपर्यंत. बदामी म्हणजे किती, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. आमच्याकडे असं कोणी बोललं असतं तर त्याला भट्टीजवळ फिरकू दिलं नसतं.

ओव्हन चालू असताना आज भेंडी चिरायला लावली. आधी धुवून, पुसून, मग चिरायची. उलट केलं की बुळबुळीत होते. हे मला ठाऊक नव्हतं.

११ जानेवारी, रविवार

जमली. वर बारीक भेगा, खालून बदामी (आता कळलं किती), तोंडात टाकली की विरघळते. खालच्या इलाबेनना चार दिल्या. "भाई, तमे तो कारीगर थई गया," म्हणाल्या.

हिने अर्धी खाल्ली. डोळे मिटून. मी विचारलं, लग्नातल्यासारखी आहे का? म्हणाली, "जवळपास." आणि लगेच, "आता जरा आमटी खावीशी वाटतेय. गोड्या मसाल्याची. तुम्हीच करा, मी सांगते."

एक जमलं की हिला दुसरं हवं असतं. पण काही हवंसं वाटतंय हेच खूप आहे.

१४ जानेवारी, बुधवार, उत्तरायण

सकाळपासून गच्चीगच्चीवर पतंग, भोंगे आणि कोणाचा पतंग कापला की "काप्यो छे"च्या आरोळ्या. हिला हळूहळू वर नेलं, खुर्ची दिली. इलाबेननी उंधियु आणि जलेबी पाठवली. उंधियुतलं एक मुठियं खाल्लं.

पतंग कमी झाल्यावर बाजव्याच्या बाजूला रिफायनरीच्या चिमणीवरची ज्योत दिसायला लागली. बारीक होती. मी सवयीने म्हटलं, सगळं ठीक चाललंय. त्यावरून हिला आमचं रुखवत आठवलं.

लिहून ठेवतो, कारण योगिनीला ही गोष्ट नीट माहीत नाही. मी जळगावकडचा, रिफायनरीत लागून वर्षच झालेलं. दांडिया बाजारातल्या वाडीत मुलगी बघायला गेलो तेव्हा काय बोलावं सुचेना, म्हणून गच्चीवरून रात्री आमची ज्योत दिसते का एवढंच विचारलं. हिने ते ध्यानात ठेवलं. लग्नात रुखवत मांडलं तर मधोमध नानकटाईची रिफायनरी. नानकटाया एकावर एक रचून टाक्या, चिरोट्यांच्या गुंडाळ्यांचे पाइप, खारी बिस्किटांची भिंत, आणि उंच चिमणीवर केशरी साखरेची हातभर ज्योत. सगळा मांडव बघायला लोटला. हिच्या अहल्यामावशीने कौतुकाने मला विचारलं, "काय जावईबापू, कशी आहे तुमची रिफायनरी?"

आणि मी म्हणालो, "छान आहे. फक्त ज्योत एवढी मोठी म्हणजे प्लांटमध्ये काहीतरी बिघडलंय."

मावशी जेवणाच्या पंगतीत माझ्याकडे फिरकल्या नाहीत. ती ज्योत हिने स्वतः केली होती, बोटं भाजून घेऊन. हे मला बोहल्यावर कळलं, हिचं बोट बघून. बरं, चूक काय होती? ज्योत मोठी म्हणजे बिघाडच. शिफ्टमधल्या मित्रांनी विहीणबाईंनी, म्हणजे माझ्या आईने, बघायच्या आत चिमणी खाऊन टाकली, म्हणून तो विषय तिथेच मिटला.

ही आज त्यावर परत हसली. हिला एवढं आठवतंय, मग भूक का लागत नाही?

१९ जानेवारी, सोमवार

आठवडाभरात आमटी, पिठलं, मेथी, मऊ भात, कोशिंबीर झालं. सगळं हिच्या फर्माइशीवर. मी करतो आणि ही एक घास खाऊन म्हणते, "मीठ बरोबर आहे," किंवा "फोडणी करपली." आणि ताट सरकवते. एवढा आटापिटा करून एक घास. डॉक्टर म्हणतात चव जाते, चालायचंच.

आज पिठाच्या गिरणीत पाठवलं. गहू किती, दळायला काय सांगायचं, डबा कुठला न्यायचा. परवा गॅसचा बाटला कोणत्या नंबरावर नोंदवायचा ते दाखवलं. काल इस्त्रीवाल्याला समोर बोलावून माझी ओळख करून दिली, जसा काही मी या घरात भाड्याने राहतो. ही हल्ली बोलते खूप, पण सगळं कामाचंच. आजारपणात माणसं चिडचिड करतात, त्यापेक्षा हे बरं.

२४ जानेवारी, शनिवार

डॉक्टर. वजन वाढलेलं नाही, उलट किंचित कमीच. "घरात काही शिजतं की नाही?" असं विचारलं त्यांनी. नानकटाईचा डबा घेऊन गेलो होतो, तो त्यांच्या टेबलावर ठेवून आलो.

येताना रिक्षात हिला बोललो. जरा जास्तच बोललो. रोज नवीन मागायचं आणि खायचं नाही, हा काय पोरखेळ आहे. ती बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "उद्यापासून पोळी घेऊ. ती राहिलीय."

मी म्हटलं, "खाणार आहेस का?"

म्हणाली, "बघू."

३० जानेवारी, शुक्रवार

पोळी काही जमत नाही. कणीक मळणं जमलं, लाटणं नाही. एकीकडे जाड, दुसरीकडे भोक.

दूध आणायला खाली गेलो तर इलाबेन जिन्यात भेटल्या. मला म्हणाल्या, आता रोटलीच उरली ना? मी हो म्हटलं. तर म्हणाल्या, "स्नेहाबेन कहेतां हतां, एटलुं आवडी जाय तो पछी मने कोई चिंता नथी." एवढं आलं की मग मला काही चिंता नाही.

पछी म्हणजे कशानंतर, असं मी विचारायला तोंड उघडलं. इलाबेनचे डोळे भरून आले आणि त्या घरात गेल्या.

मी जिन्यातच बसलो. दुधाची पिशवी मांडीवर. मला वाटत होतं, मी हिला खायला घालतोय. डाळ कुठे, तांदूळ कुठे, गिरणी, बाटला, इस्त्रीवाला. ही मला चार्ज देत होती. महिनाभर रोज समोर बसून चार्ज देत होती आणि मी गाढव, बदामी रंग बघत होतो.

३१ जानेवारी, शनिवार

आमच्याकडे नियम होता. पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन चार्ज घेत नाही, तोवर जागा सोडता येत नाही. घरी लग्न असो की मयत. त्याने चार्ज नाही घेतला तर आहे त्या माणसाने डबल ड्यूटी करायची. पॅनेलवरून उठायचं नाही.

मी चार्ज घेणार नाही.

पोळी केली नाही. हिने विचारलं, कणीक मळली का? मी पेपर वाचत होतो, वाचत राहिलो. डबा मागवला.

१ फेब्रुवारी, रविवार

पोळी केली नाही. कुकरही लावला नाही. डब्यातली भाजी तेलकट होती. हिने ताटाकडे बघितलंही नाही. मीही जेवलो नाही.

मी चूक करतोय का? हिने खायला हवंय आणि मी हट्ट करून बसलोय. पण पोळी यायला लागली की हिचं इथलं काम संपतं, असंच हिच्या डोक्यात आहे ना? मग मी कशी येऊ देऊ?

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज हिने तोंड उघडलं.

"काय बिघडलंय तुमचं?"

मी म्हटलं, "मला चार्ज नकोय."

हिला लगेच कळलं. एवढ्या वर्षांत शिफ्टची भाषा हिलाही येते. मग म्हणाली, "मला त्या टेबलावर शांत झोपायचंय. तिथे पडून हा माणूस काय खात असेल, याचा विचार करायचा का मी?"

"कर विचार. विचार करत राहिलीस तर परत येशील."

हे बोललो आणि रडू आलं. या वयात, स्वयंपाकघरात, हातात कोरडं लाटणं. लिहून ठेवतो, कारण झालं ते झालं.

ही खुर्चीतून उठून आली. लाटणं काढून घेतलं माझ्या हातून. म्हणाली, "अहो, तुम्ही रोज चार्ज देऊन घरी यायचात. आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन परत जायचातच ना ड्यूटीवर? चौतीस वर्षं मीच भरला तो डबा. चार्ज दिला म्हणून कोणी नोकरी सोडून जातं का?"

 

मग सौदा ठरला. मी पोळी शिकायची. आणि मी जे करीन ते हिने पुरतं खायचं, एक घास घेऊन ताट सरकवायचं नाही. जाड, करपलेली, कशीही असो.

"कशीही?" म्हणाली.

"कशीही."

आज तीन केल्या. पहिली इतकी जाड की मधे कच्ची. हिने खाल्ली. अर्धा तास लागला, पण सगळी खाल्ली. मी समोर बसून राहिलो.

१० फेब्रुवारी, मंगळवार

लग्नाचा वाढदिवस. दुपारी दोघांनी मिळून रिफायनरी केली. टाक्या माझ्या, नानकटाईच्या, आता हात बसलाय. पाइप चिरोट्यांचे जमण्यातले नव्हते, म्हणून बाजारातल्या खारीचे. ज्योत हिने केली. साखरेचा पाक मी ढवळला, रंग हिने घातला, ओढून उभी हिने केली. बोट भाजलं. चाळिशीपासून डोळ्यांना चष्मा आहे, तरी हात अजून तोच आहे.

मी म्हटलं, "जरा लहान कर."

म्हणाली, "असू दे मोठी. बिघाड आहेच की."

मला राहवेना. एवढ्या वर्षांपूर्वी अर्धवट बोललो होतो ते पुरं केलं. ज्योत मोठी म्हणजे बिघाड हे खरं, पण जे आत ठेवलं तर फुटेल ते ती बाहेर जाळून टाकते. ती आहे म्हणून प्लांट वाचतो.

"हे अहल्यामावशीला सांगायचं होतंत," म्हणाली. "बिचारी जाईपर्यंत तुम्हाला तुसडा म्हणत होती."

योगिनीला व्हिडिओवर दाखवली. ती तिकडे बंगलोरला रडायला लागली, हिने तिला गप्प केलं आणि चिमणीचं टोक मोडून खाल्लं. नंतर एक टाकी. संध्याकाळी पोळी दीड, आमटी वाटीभर.

१८ फेब्रुवारी, बुधवार

वजन वाढलं. थोडंच, पण वाढलं. रक्तही ठीक. डॉक्टर म्हणाले, "काका, काय खाऊ घातलंत?" मी म्हटलं, जाड पोळ्या. तारीख मंगळवारची दिली.

मी खूश व्हायला हवं. दीड महिना याच तारखेसाठी धडपडत होतो. आता ती मिळाली तर अजून कॅलेंडरवर लिहिलेली नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी आत नेलं. दार बंद होण्याआधी म्हणाली, "बाटला संपत आलाय, नोंदवा."

दुपारी बाहेर आणलं. दिसत होतं तेवढं सगळं काढलं, म्हणाले. तुकडा तपासायला गेलाय, त्याचं नंतर कळेल. योगिनी आलीय, तीच रात्री थांबते.

बाटला नोंदवला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

योगिनीने मला सकाळी घरी पिटाळलं. आंघोळ करा, जेवा, मग या.

घरात कोणी नाही. कुकर लावला. तोवर कणीक मळली. डाळ घोटली, फोडणी केली, हिंग आधी, हळद नंतर. पोळ्या दोन. दोन्ही फुगल्या. सगळं करून झालं तेव्हा लक्षात आलं की मी कोणाला काही विचारलं नव्हतं. दारातल्या खुर्चीकडे एकदाही बघितलं नव्हतं. मला सगळं येत होतं. ताट वाढून घेतलं आणि ते तसंच ठेवून ओटा पुसत राहिलो. मग जेवलो. वरण गार झालं होतं.

दवाखान्यात गेलो. ही उशीला टेकून बसली होती, चेहरा ओढलेला, पण डोळे जागे. योगिनी चहा प्यायला खाली गेली.

"जेवलात?"

मी म्हटलं, "नाही. काही जमलं नाही. कुकर लावायला गेलो तर डाळच सापडेना. तुझ्याशिवाय काही होत नाही तिथे."

ही माझ्याकडे बघत राहिली. मग सलाइन लावलेला हात सावकाश उचलून तिने माझ्या शर्टाची बाही धरली.

"हळद लागलीय," म्हणाली.

मी बाहीकडे बघितलं.

"वरण कसं झालं होतं?"

"मीठ कमी पडलं."

"किती घातलंत?"

"तू सांगितलंस तेवढंच."

"मग कमी नसणार," ती म्हणाली आणि डोळे मिटले. बाही सोडली नाही. "घरी आले की चाखून बघते."